जबाबदारी पहिलेपणाची : एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी

(शाळेच्या हीरक महोत्सवी समारंभात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सवाच्या या व्याख्यानात एखाद्या थोर व्यक्तीच्या जीवनकार्याचा परिचय करून द्यावा, अशी कार्यकारिणीची सूचना होती. कोणाची निवड करावी, याचा विचार करताना शाळेच्या पहिल्या हजेरीपटावरील साल माझ्या डोळ्यांसमोर आले. ते साल १९५४. त्या वर्षीच्या जुलैमध्ये दिल्लीतील काही मराठी कुटुंबांनी भाड्याच्या जागेत ही शाळा सुरू केली. त्याच्या तीनच महिने आधी, १ एप्रिल १९५४ रोजी, याच दिल्लीत भारतीय हवाई दलाची सूत्रे प्रथमच एका भारतीयाच्या हाती आली. त्यांचे नाव सुब्रतो मुखर्जी. धौला कुआँहून विमानतळाकडे जाताना ‘सुब्रतो पार्क’ ही पाटी आपण असंख्य वेळा वाचली असेल. शाळाशाळांमधल्या फुटबॉलच्या ‘सुब्रतो चषका’चे नाव तर आपल्या मुलांना पाठच आहे. पाटीवरच्या आणि चषकावरच्या या नावामागचा माणूस मात्र बहुतेकांना अपरिचित राहिला आहे. आज त्या माणसाविषयी बोलावे, असे मी ठरवले.

सुब्रतो मुखर्जी यांचा जन्म ५ मार्च १९११ रोजी कलकत्त्यात झाला. वडील सतीशचंद्र मुखर्जी हे आयसीएस अधिकारी होते. आई चारुलता यांनी स्त्रियांच्या प्रश्नांसाठी आयुष्यभर काम केले. आईचे वडील डॉ. प्रसन्नकुमार राय हे कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजचे पहिले भारतीय प्राचार्य. आजी सरला राय यांनी कलकत्त्यात मुलींसाठी शाळा काढली आणि तिला नाव दिले नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे. गोखले मेमोरियल स्कूल म्हणून ती शाळा आजही प्रसिद्ध आहे. बंगालमधल्या एका विदुषीने आपल्या शाळेला कोकणात जन्मलेल्या एका अध्यापकाचे नाव द्यावे, ही गोष्ट आपल्यासारख्या, मराठी मुलखापासून दूर राहून मराठी शाळा चालवणाऱ्यांना विशेष जवळची वाटेल. सुब्रतोंची थोरली बहीण रेणुका राय पुढे संविधान सभेच्या सदस्य झाल्या व पश्चिम बंगालच्या मंत्रिमंडळातही होत्या. विद्या, लोकसेवा आणि स्त्रीशिक्षण हे या घराचे कुळाचार होते, असे म्हटले तरी चालेल.

याच घराच्या नात्यात एक वैमानिकही होऊन गेला होता. पहिल्या महायुद्धात इंद्रलाल राय नावाचा एकोणीस वर्षांचा तरुण ब्रिटिश हवाई दलातून लढला, शत्रूची अनेक विमाने त्याने पाडली आणि जुलै १९१८ मध्ये फ्रान्सच्या आकाशात तो धारातीर्थी पडला. नात्याने सुब्रतोंचा तो मामा. मामाला वीरमरण आले तेव्हा भाचा सात वर्षांचा होता. त्या आठवणीचे त्या बालमनात काय झाले असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

त्या काळी हिंदी माणसाला सैन्यात अधिकारपद मिळणे कठीण होते आणि हवाई दलात तर त्याला प्रवेशच नव्हता. हिंदी माणूस उत्तम शिपाई होईल, पण विमान चालवणे, यंत्र सांभाळणे आणि एखाद्या तुकडीचे नेतृत्व करणे त्याला जमेल का, अशी शंका राज्यकर्त्यांच्या मनात होती व ती उघडपणे बोलूनही दाखवली जात असे. राष्ट्रीय नेत्यांच्या सततच्या मागणीनंतर अखेर १९३० साली सहा हिंदी तरुणांची निवड होऊन त्यांना इंग्लंडमधील क्रॅनवेलच्या हवाई दल महाविद्यालयात पाठवण्यात आले. त्यांपैकी पाच वैमानिक होणार होते आणि एक साधनसामग्रीची शाखा सांभाळणार होता. एकोणीस वर्षांचे सुब्रतो त्या पाचांपैकी एक.

८ ऑक्टोबर १९३२ रोजी भारतीय हवाई दल कायद्याने अस्तित्वात आले. आजही तो दिवस हवाई दल दिन म्हणून साजरा होतो. पुढच्या वर्षी, १ एप्रिल १९३३ रोजी, कराचीजवळ ड्रिग रोड येथे पहिली स्क्वॉड्रन उभी राहिली. स्क्वॉड्रन म्हटले की आज आपल्यासमोर जेट विमानांची रांग येते. त्या पहिल्या स्क्वॉड्रनजवळ मात्र होती फक्त चार ‘वापिती’ विमाने. दुहेरी पंखांची, उघड्या बैठकीची. पाच हिंदी वैमानिक, मूठभर तंत्रज्ञ आणि वर एक इंग्रज प्रमुख, असा सारा संसार. या तंत्रज्ञांना ‘हवाई शिपाई’ म्हणत. त्यांतील पुष्कळजण रेल्वेच्या कारखान्यांतून निवडून आणलेले कारागीर होते.

आरंभ किती अवघड होता, ते पाहा. काही वर्षांतच त्या पाच वैमानिकांपैकी दोघे अपघातात दगावले आणि तिसऱ्याला सेवा सोडावी लागली. उरले दोन. ‘आम्ही आधीच सांगितले होते’ असे म्हणायला टपून बसलेल्यांना यापेक्षा अधिक पुरावा कशाला हवा होता? त्या दिवसांत एखादा वैमानिक उतरताना चुकला, एखाद्या विमानाचे इंजिन बिघडले, तर दोष त्या एका माणसापुरता राहत नसे. तो सबंध हिंदुस्थानच्या नावावर लिहिला जात असे. हे ओझे खांद्यावर घेऊन सुब्रतो मुखर्जी रोज उडत होते. एक पूर्ण स्क्वॉड्रन आकाराला यायला १९३८ साल उजाडले आणि दुसरी स्क्वॉड्रन निघायला १९४१. आठ वर्षे सबंध भारतीय हवाई दल म्हणजे ही एकटी स्क्वॉड्रन होती.

ही वर्षे मुख्यतः वायव्य सरहद्दीवर, वझिरिस्तानच्या उघड्याबोडक्या डोंगरांत गेली. त्या काळातील एक हकीकत हवाई दलात आजही सांगितली जाते. एका लष्करी ठाण्याला टोळीवाल्यांनी वेढले होते. वरून घिरट्या घालणाऱ्या मुखर्जींना खालच्या सैनिकांच्या खुणांवरून कळले की त्यांची काडतुसे संपत आली आहेत. विमानातून रसद टाकण्याची कसलीही सोय नव्हती. मुखर्जी आणि त्यांचा बंदूकधारी हवाई शिपाई या दोघांनी आपल्याच मशीनगनची काडतुसे मोकळी केली, ती पायातल्या मोज्यांत भरली आणि गोळीबार चालू असताना विमान अगदी खाली नेऊन ते मोजे ठाण्यात टाकले. ठाणे तगले. या प्रसंगात मला शौर्यापेक्षाही दुसरी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. हाताशी जे आहे त्यातून वाट काढायची आणि वरिष्ठ व शिपाई यांनी मिळून काढायची, ही सवय. गरीब संस्थांना हीच सवय जगवते. आपल्या शाळेच्या पहिल्या पिढीतील शिक्षकांनाही ती पुरेपूर होती.

मुखर्जींच्या कारकिर्दीत ‘पहिले भारतीय’ हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. फ्लाइटचे नेतृत्व करणारे पहिले भारतीय ते, मार्च १९३९ मध्ये स्क्वॉड्रनचे प्रमुख झालेले पहिले भारतीय ते आणि १९४३ मध्ये कोहाटच्या हवाई तळाचे प्रमुख झालेले पहिले भारतीयही तेच. या पहिलेपणाचे आपल्याला फार कौतुक असते. शाळेत पहिला, तालुक्यात पहिला, बोर्डात पहिला! परंतु मुखर्जींच्या आयुष्याकडे पाहताना माझ्या मनात येते ते असे, की पहिले येण्याचा मान एका दिवसाचा असतो. आपल्यामागून दुसरा येईल, तिसरा येईल, अशी वाट तयार करणे हे आयुष्यभराचे काम असते. १९४१ मध्ये त्यांनी स्क्वॉड्रनची सूत्रे करुण कृष्ण मजुमदार यांच्याकडे सोपवली. मजुमदारांनी पुढच्याच वर्षी ब्रह्मदेशाच्या युद्धात त्या स्क्वॉड्रनचे नाव गाजवले. काही वर्षांनी तीच स्क्वॉड्रन अर्जनसिंग नावाच्या तरुण अधिकाऱ्याकडे आली आणि इंफाळच्या लढाईत तिने पराक्रम केला. हिंदी माणसाला नेतृत्व जमेल का, हा प्रश्न मग कोणी विचारला नाही.

तंत्रज्ञांच्या बाबतीतही हेच घडले. लाहोरच्या मॅक्लेगन अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेला हरजिंदरसिंग नावाचा तरुण अगदी आरंभी साधा हवाई शिपाई म्हणून दलात आला. अभियंता असूनही शिपायाची वर्दी त्याने आनंदाने घातली, कारण भारतीय हवाई दल उभे राहायचे तर भारतीय हातांनी यंत्रे दुरुस्त केली पाहिजेत, हे त्याला कळले होते. मुखर्जी अधिकारी आणि हरजिंदर शिपाई, असे असूनही दोघांमध्ये विश्वासाचे नाते जडले आणि ते अखेरपर्यंत टिकले. हाच शिपाई पुढे एअर व्हाइस मार्शल झाला. त्याच्या कामाकडे मी पुन्हा येणार आहे.

आता मी या चरित्रातील त्या भागाकडे वळते, ज्याविषयी इतिहासाच्या पुस्तकांत दोन ओळीही नसतात आणि जो मला सर्वांत मोलाचा वाटतो.

१५ ऑगस्ट १९४७. देश स्वतंत्र झाला. हवाई दलाची फाळणी झाली. दहा स्क्वॉड्रनपैकी तीन पाकिस्तानकडे गेल्या. रिसालपूर, पेशावर, कोहाट, ड्रिग रोड ही जुनी केंद्रे सीमेपलीकडे राहिली. ज्या पहिल्या स्क्वॉड्रनमध्ये मुखर्जी घडले, जिचे ते प्रमुख होते, तिची विमानेही पाकिस्तानच्या वाट्याला गेली आणि तिचा क्रमांक भारताच्या यादीतून तूर्त नाहीसा झाला. १९५३ मध्ये दुसऱ्या एका स्क्वॉड्रनला तो क्रमांक देऊन ती पुन्हा उभी करण्यात आली. फाळणीला अडीच महिनेही झाले नव्हते, तोच २७ ऑक्टोबर १९४७ रोजी दिल्लीच्या विमानतळांवरून डाकोटा विमाने सैनिकांना घेऊन श्रीनगरला निघाली. अशा त्या धामधुमीत हवाई दलाच्या मुख्यालयात सर्वांत ज्येष्ठ भारतीय अधिकारी होते सुब्रतो मुखर्जी. वय अवघे छत्तीस.

ते त्याच वर्षी प्रमुख झाले नाहीत. प्रमुखपदी इंग्रज अधिकारीच राहिले. प्रथम सर थॉमस एल्महर्स्ट, नंतर सर रोनाल्ड आयव्हलॉ-चॅपमन आणि शेवटी सर जेराल्ड गिब्ज. भूदलाला जानेवारी १९४९ मध्ये करिअप्पांच्या रूपाने भारतीय सेनापती लाभला. हवाई दलाला त्यानंतरही पाच वर्षे थांबावे लागले. स्वतंत्र देशाच्या दलात परकीय प्रमुखाच्या हाताखाली, दुसऱ्या क्रमांकावर, साडेसहा वर्षे! एखाद्याचा अभिमान दुखावला असता. ‘माझा हक्क मला मिळत नाही’ म्हणून त्याने मन काढून घेतले असते, किंवा वशिल्याच्या वाटा शोधल्या असत्या.

मुखर्जींनी ही वर्षे शिकण्यात घालवली. विमान उडवणे त्यांना येतच होते. हजारो माणसांचे दल चालवणे ही विद्या वेगळी असते. अंदाजपत्रक कसे मांडावे, कोणते विमान घ्यावे आणि त्याचे सुटे भाग पुढची दहा वर्षे कुठून मिळवावेत, वैमानिक घडवणाऱ्या संस्था कशा उभ्या कराव्यात, संसदेला आणि मंत्रालयाला आपली गरज कशी पटवून द्यावी, हे सारे त्यांनी मुख्यालयातील मेजावर बसून आत्मसात केले. लंडनच्या इंपीरियल डिफेन्स कॉलेजमध्येही ते पुन्हा विद्यार्थी म्हणून बसले. एल्महर्स्ट यांनीही एक मोठी गोष्ट केली. हवाई दल हे भूदलाचे उपांग नसून बरोबरीचे स्वतंत्र दल आहे, हा आग्रह त्यांनी आरंभापासून धरला. त्या पायावर पुढची इमारत मुखर्जींना उभारता आली.

पालकहो, ही गोष्ट मी मुद्दाम लांबवून सांगते आहे. आपल्या मुलांना सगळे लवकर मिळावे, असे आज आपल्याला वाटते. नववीतल्या मुलाने कोणती परीक्षा द्यायची, हे सातवीत ठरते. यश म्हणजे वेगाने वर जाणे, अशी एक समजूत रूढ झाली आहे. ज्या माणसाचा व्यवसायच वेगाने वर जाण्याचा होता, त्याने आपल्या उमेदीची साडेसहा वर्षे दुसऱ्या खुर्चीवर बसून तयारीत घालवली आणि त्या तयारीचा लाभ देशाला दशकभर मिळाला, हे आपण मुलांना आवर्जून सांगायला हवे.

१ एप्रिल १९५४ रोजी मुखर्जींनी सूत्रे हाती घेतली. तो हवाई दलाच्या पहिल्या स्क्वॉड्रनचा एकविसावा वर्धापनदिन होता. त्याच दिवशी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी हवाई दलाला ध्वज प्रदान केला. चार विमानांच्या पहिल्या दिवशी ड्रिग रोडला हजर असलेला तरुण आता त्रेचाळीसाव्या वर्षी त्या दलाचा प्रमुख होता.

पुढील साडेसहा वर्षांत हवाई दलाचे रूप पालटले. ते प्रमुख झाले तेव्हा व्हॅम्पायर आणि नुकतीच दाखल झालेली फ्रेंच ‘तूफानी’ ही जेट विमाने दलाकडे होती. १९५७-५८ पर्यंत मिस्टेअर, हंटर, कॅनबेरा आणि नॅट अशी त्या काळातील अद्ययावत विमाने आली. विमाने विकत घेणे पैशांचे काम आहे. ती चालवणारे, दुरुस्त करणारे, रात्री दोन वाजता धावपट्टीवर दिवे लावणारे हात तयार करणे फार कठीण. इतक्या निरनिराळ्या जातींची विमाने एकाच वेळी स्वीकारायची, म्हणजे प्रत्येकीसाठी वेगळे प्रशिक्षण, वेगळी हत्यारे आणि वेगळे सुटे भाग. मुखर्जींच्या दलाने हे पेलले. बंगळुरूच्या कारखान्यात नॅट विमाने परवान्याखाली बनू लागली. मालवाहू विमान आपल्याकडेच बनवावे म्हणून कानपूरला ‘अॅव्हरो ७४८’ची जुळणी सुरू झाली आणि ते काम ज्यांनी शिरावर घेतले, ते होते एकेकाळचे हवाई शिपाई हरजिंदरसिंग.

कानपूरचे ते पहिले विमान आकाशात झेपावलेले पाहणे मात्र मुखर्जींच्या नशिबी नव्हते. नोव्हेंबर १९६० मध्ये एअर इंडियाच्या टोकियोपर्यंतच्या पहिल्या उड्डाणातून ते जपानला गेले होते. ८ नोव्हेंबरच्या रात्री एका मित्रासमवेत जेवताना घास श्वासनलिकेत अडकला आणि काही क्षणांत सारे संपले. वझिरिस्तानच्या डोंगरांतून, वापितीच्या उघड्या बैठकीतून, गोळीबारातून जो सुखरूप परतला, त्याला एका साध्या जेवणाच्या मेजावर मृत्यूने गाठले. वय एकोणपन्नास. पद हाती असताना, निरोपाचे भाषण नाही, वारसाला काही सांगून ठेवायला अवधी नाही.

येथे एका क्षणासाठी थांबून आपण विचार करू. एखाद्या संस्थेची बांधणी ज्याच्या हातून झाली तो कर्ता पुरुष अचानक गेला, तर त्या संस्थेचे काय होते? पुष्कळ संस्थांचे काय होते, ते आपण आसपास पाहतो. हवाई दलाचे तसे झाले नाही. अॅस्पी इंजिनिअर यांनी सूत्रे घेतली आणि काम चालू राहिले. वर्षभराने, १ नोव्हेंबर १९६१ रोजी, कानपूरच्या पहिल्या अॅव्हरोने उड्डाण केले. त्या विमानाला हरजिंदरसिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी नाव दिले होते, ‘सुब्रतो’. त्याच वर्षी १८ डिसेंबरला गोवामुक्तीच्या कारवाईत कॅनबेरा विमानांनी दाबोळीची धावपट्टी निकामी केली. आणि १९६५ चे युद्ध आले तेव्हा संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण आणि हवाई दलप्रमुख होते अर्जनसिंग, मुखर्जींच्याच क्रॅनवेलचे आणि त्यांच्याच पहिल्या स्क्वॉड्रनचे. त्या युद्धात जी विमाने लढली ती मिस्टेअर, हंटर, कॅनबेरा आणि नॅट. मुखर्जींच्या काळात आलेली. त्यांना जाऊन पाच वर्षे लोटली होती, पण त्यांचे काम धावपट्टीवर उभे होते.

त्यांच्या सहधर्मचारिणीविषयी बोलल्याशिवाय हा परिचय पुरा होणार नाही, आणि आपल्या दृष्टीने तर मुळीच नाही. शारदा मुखर्जी या माहेरच्या पंडित. राजकोटला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील ही कन्या. संस्कृतचे व्यासंगी रणजित पंडित हे त्यांचे काका. १९३९ मध्ये बंगाली वैमानिकाशी त्यांचा विवाह झाला. पतीच्या आकस्मिक निधनानंतर त्या सार्वजनिक जीवनात आल्या आणि १९६२ मध्ये रत्नागिरी मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेल्या. १९६७ मध्ये रत्नागिरीकरांनी त्यांना पुन्हा निवडून दिले. पुढे आंध्र प्रदेश आणि गुजरात या राज्यांच्या राज्यपालपदी त्यांनी काम केले. महाराष्ट्राबाहेर जन्मलेली, परप्रांतीय घरात सून म्हणून गेलेली, सैनिकी छावण्यांतून संसार केलेली ही स्त्री कोकणच्या मतदारांना आपली वाटली. आपली मुले महाराष्ट्राबाहेर वाढतात, पुढे त्यांचे मराठीपण काय राहणार, अशी काळजी ज्या पालकांना वाटते, त्यांनी शारदाबाईंचे चरित्र जरूर नजरेसमोर ठेवावे.

आणि राहिला सुब्रतो चषक. शाळांमधून फुटबॉल वाढावा, खेडोपाडीच्या मुलांना देशाच्या राजधानीत खेळायला मिळावे, ही मुखर्जींची मनापासूनची इच्छा. १९६० साली, त्यांच्या आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, ही स्पर्धा सुरू झाली. हवाई दल ती आजही चालवते. ईशान्येकडील राज्यांतल्या डोंगरांतील शाळांपासून शेजारी देशांतल्या संघांपर्यंत मुले दिल्लीला येतात आणि २०१२ पासून मुलींचीही स्पर्धा होते. युद्धविमानांच्या खरेदीत बुडालेल्या दलप्रमुखाला शाळकरी मुलांच्या फुटबॉलसाठी वेळ काढावासा वाटला, यात मला त्यांच्या आजीचा, त्या शाळा काढणाऱ्या सरला रायांचा, वारसा दिसतो. दलाला उद्याचे सैनिक हवेत म्हणून नव्हे, तर मैदानावर मूल सहकार्य आणि पराभव पचवणे शिकते म्हणून त्यांना शाळा महत्त्वाच्या वाटल्या असाव्यात, असे मी एक शिक्षिका म्हणून समजते.

आता आपल्या घराकडे वळते.

तुलना फार ताणू नये. हवाई दल कोठे आणि आपली चिमुकली शाळा कोठे! तरीही दोन्ही संस्थांना आरंभी जो प्रश्न विचारला गेला, तो एकाच जातीचा होता. तिकडे विचारत होते, हिंदी माणसाला हे जमेल का? इकडे साठ वर्षे विचारत आले आहेत, मराठीत शिकून मुलाचे पुढे कसे होणार, आणि तेही दिल्लीत? आज या सभागृहात डॉक्टर आहेत, अभियंते आहेत, केंद्र शासनात व बँकांत जबाबदारीची पदे सांभाळणारे आहेत, सैन्यदलांतून निवृत्त झालेले आहेत, स्वतःचा व्यवसाय उभा केलेले आहेत आणि उत्तम गृहिणीही आहेत. शंकेला उत्तर वादाने मिळत नाही. रोजच्या चोख कामाने मिळते. वापितीच्या वैमानिकांनी ते तसेच दिले आणि तुम्हीही.

मात्र शंका संपली आहे, असे समजण्याची चैन आपल्याला परवडणारी नाही. पहिलीतील पटसंख्या पूर्वीसारखी राहिलेली नाही, हे तुम्हांला ठाऊक आहे. मराठीतून विज्ञान आणि गणित आत्मीयतेने शिकवणारे शिक्षक दिल्लीत मिळणे दरवर्षी अधिक अवघड होत आहे. आमच्या पिढीचे अनेक शिक्षक येत्या काही वर्षांत निवृत्त होतील. त्यांत मीही असेन. म्हणून हीरक महोत्सवाच्या दिवशी मला इमारतीपेक्षा या गोष्टीची चिंता अधिक आहे. आमच्या जागी कोण उभे राहणार?

माजी विद्यार्थ्यांनो, आपण शाळेला देणग्या दिल्या आहेत आणि त्याबद्दल संस्था आपली ऋणी आहे. आज मी आपल्याकडे वेगळे दान मागते. महिन्यातून एक शनिवार शाळेला द्या. ज्याला प्रयोगशाळेत मुलांसोबत उभे राहता येईल त्याने उभे राहावे, ज्याला मैदानावर चेंडू खेळवता येईल त्याने खेळवावा, जिला गोष्ट सांगता येते तिने सांगावी. आपल्यातील जे तरुण अध्यापनाचा व्यवसाय स्वीकारू शकतील त्यांनी दोन-तीन वर्षे आमच्याबरोबर दुसऱ्या खुर्चीवर बसावे, हजेरीपट, अंदाजपत्रक, शासनाशी पत्रव्यवहार हे सारे जवळून पाहावे आणि मग खुशाल पहिल्या खुर्चीवर बसावे. पालकांनो, आपण घरी मुलांशी मराठीत बोला आणि मुलाला यश उशिरा मिळाले तर त्याला धीर द्या. तयारीची वर्षे वाया जात नाहीत.

सुब्रतो मुखर्जींना निरोपाचे भाषण करायला काळाने अवधी दिला नाही. त्यांना त्याची गरजही नव्हती, कारण जे सांगायचे ते त्यांनी आधीच माणसे तयार करून सांगितले होते. आपली शाळा अमृतमहोत्सव साजरा करील तेव्हा या व्यासपीठावर माझ्या जागी दुसरे कोणीतरी उभे असेल. ती व्यक्ती आज समोरच्या रांगांत बसली असावी, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.



जय हिंद.